राखणीची लाल बॅटरी आणि रात्रीची वीज



मलकापूरच्या मागच्या बैठकीत भाषणे संपल्यावर माणदेशातल्या एका भावाने उभे राहून विचारले, "साहेब, शाळूच्या राखणीला लाल उजेडाची बॅटरी बरी म्हणतात. घेऊ का?" काही जण हसले. हमीभाव, थकबाकी, वीजबिल असले विषय टाकून हा बॅटरीचा काय प्रश्न? मला मात्र हसू आले नाही. रानडुकरांपायी ज्याला पीक निघेपर्यंत माळ्यावर रात्री काढाव्या लागतात, त्याने तो विचारायचा नाही तर कोणी? वेळ कमी होता, म्हणून तिथे अर्धेच उत्तर दिले. उरलेले इथे देतो.

आधी डोळ्याचे गणित समजून घ्या. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधारात काम करतात, त्यांना रंग कळत नाही. या दंडपेशींत एक रंगद्रव्य असते. उजेड पडला की ते विटते आणि अंधारात पुन्हा भरत जाते. पुरते भरायला २० ते ३० मिनिटे लागतात. आपली नेहमीची पांढरी एलईडी बॅटरी डोळ्यावर पडली की अर्ध्या तासाची ही कमाई क्षणात जाते. बॅटरी विझवल्यावर पुढचे काही दिसत नाही. डुकरांचा कळप नेमका तेव्हाच आत शिरतो. लाल उजेडाला दंडपेशी फारशी दाद देत नाहीत, म्हणून ते रंगद्रव्य टिकून राहते. आकाशातले तारे बघणारे आणि जहाजावरचे खलाशी लाल दिवा वापरतात, त्याचे कारण हेच.

पण लाल आहे म्हणून कितीही मोठी चालते, हा गैरसमज आहे. झगझगीत लाल दिव्यानेही डोळे दिपतात. बॅटरी मंदच हवी. घेताना परीक्षा अशी करा. अंधारात अर्धा तास बसा, हातभर अंतरावर वर्तमानपत्र धरा आणि बॅटरी लावा. ठळक मथळा जेमतेम वाचता आला पाहिजे. मग ती विझवून वर बघा. जेवढे तारे आधी दिसत होते तेवढेच दिसले, तर बॅटरी कामाची. नवी घ्यायलाच पाहिजे असेही नाही. घरच्या बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा, काम भागते. दुसरा फायदा म्हणजे पतंग आणि किडे लाल उजेडावर फारसे झेप घेत नाहीत. त्यांना बोलवायचे असते तेव्हा प्रकाश सापळ्यात आपण पांढरा किंवा जांभळट दिवा लावतो, हे कापूसवाल्यांना सांगायला नको. रानडुकरालाही लाल उजेड आपल्यापेक्षा फिका दिसतो.

आता दुसरी बाजू, आणि ती जिवाशी गाठ असलेली आहे. माळ्यावरून खाली उतरलात की लाल बॅटरी खिशात घाला. लाल उजेडात सगळे एकाच रंगाचे दिसते. तांबड्या मातीवरचे फुरसे त्यात हरवते, पाचोळ्यातली घोणस ओळखू येत नाही. बांधावरून चालताना, दारे धरताना पांढरी आणि लख्ख बॅटरी, हातात काठी, पायात गमबूट, हाच नियम. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली. मण्यार तर रात्रीच फिरते आणि तिचा दंश दुखतही नाही. म्हणून दुखत नाही म्हणून घरी बसू नका. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हातपाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते.

आणखी दोन ठिकाणी लाल उजेड घातक आहे. स्टार्टरच्या पेटीत त्या उजेडात हात घालू नका. लाल आणि पिवळी वायर त्यात सारखीच दिसते. औषधाचा डबाही त्या उजेडात वाचू नका. सर्वांत जहाल विषाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, आणि लाल उजेडात तो पांढऱ्या कागदात मिसळून जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. डब्यावरची खूण बघून घेणे हा फालतूपणा नाही.

इथवर झाले कृषी पदवीधराचे उत्तर. आता कार्यकर्त्याचे.

आपण कोरडवाहू, आपल्याला विजेचे काय, असे कोणी म्हणेल. पण विहिरीत हातभर पाणी असेल तर शाळूला एक पाणी द्यायचेच असते. एकच देता येणार असेल तर ते पोटरीत, पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी द्यावे, असे आपणच सांगतो. ते दिवस थंडीचे. त्या आठवड्यात फीडरची पाळी रात्रीची आली, तर म्हातारा बाप नाहीतर घरची लक्ष्मी काळोखात दारे धरायला जाते. ज्या मलकापूरने चोवीस तास नळाला पाणी देऊन देशात नाव कमावले, त्याच मलकापुरात बसून आपण रात्री कोणती बॅटरी न्यावी हे विचारतो. गावाला चोवीस तास पाणी देता येते, तर रानाला दिवसा आठ तास वीज का देता येऊ नये?

दिवसा वीज देणे अशक्य नाही, हे सरकारनेच कबूल केले आहे. त्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसा दहा तास विजेसाठी कोल्हापुरात शेतकरी रस्त्यावर बसले, ते हौसेने नव्हे. आपले मागणे दया म्हणून नाही. कारखान्याचा मालक मध्यरात्री कामगाराला अंधारात सापांतून चालवील, तर कायदा त्याला विचारील. शेतकऱ्याला मात्र कोणी विचारत नाही, कारण त्याच्या रात्रीचा हिशेब उत्पादन खर्चात कुठेच धरलेला नाही.

तेव्हा राखणीला मंद लाल बॅटरी जरूर घ्या. चालायला पांढरी ठेवा. आणि पुढच्या बैठकीला येताना एक कागद आणा. आपल्या फीडरचे नाव, या महिन्यात वीज किती दिवस रात्री आली, किती वाजता आली आणि किती वेळा गेली, एवढे चार रकाने. शंभर गावांचे शंभर कागद टेबलावर पडले, की साहेबांना अंधारात काय चालते ते दिसायला कोणत्याच बॅटरीची गरज पडणार नाही.