जुना पूल, जुनी देणी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात समुद्रावर उभ्या असलेल्या सात मैलांच्या जुन्या पुलाचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा भाग दुरुस्त होऊन जानेवारी २०२२ मध्ये पादचारी व सायकलस्वारांसाठी खुला झाला. दुरुस्तीला सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर लागले. मुख्य वाहतूक १९८२ मध्येच शेजारच्या नव्या पुलावर गेली असताना निव्वळ फेरफटक्यासाठी सार्वजनिक पैसा का ओतावा, असा प्रश्न हिशेबी मनुष्य विचारील. प्रश्न गैर नाही. मात्र हिशेबाची वही मागील पानांपासून वाचावी लागेल.

स्टँडर्ड ऑइलच्या संस्थापकांपैकी एक, हेन्री फ्लॅग्लर, याने हा पूल आपल्या रेल्वेसाठी बांधवला. जानेवारी १९१२ मध्ये पहिली गाडी की वेस्टला पोचली. पुलाचे मजूर पिजन की या चिमुकल्या बेटावरील छावणीत राहत. आज पायवाट जाते ती तेथवरच. २ सप्टेंबर १९३५ रोजी (अमेरिकेत तो श्रमिक दिन होता!) चक्रीवादळाने या लोहमार्गाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. याच बेटमालिकेत रस्त्याच्या कामावर जुंपलेले पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक तकलादू छावण्यांत राहत होते. त्यांना आणायला निघालेली गाडी उशिरा पोचली आणि वादळाने तिचे डबे रुळांवरून फेकून दिले. अडीचशेहून अधिक सैनिक मेले. हे खून कोणी केले, असा सवाल हेमिंग्वेने ‘न्यू मासेस’ या डाव्या साप्ताहिकातून केला. बोनस मागणाऱ्या माजी सैनिकांना १९३२ मध्ये लष्कराकरवी राजधानीतून हुसकावणाऱ्या व्यवस्थेला तो झोंबणारच होता.

डबघाईला आलेल्या कंपनीला मार्ग दुरुस्त करणे परवडेना. राज्याने तो ६ लाख ४० हजार डॉलरना विकत घेतला आणि १९३८ मध्ये त्याच खांबांवरून मोटाररस्ता नेला. उखडलेले रूळ कठड्यांना कामी आले. पुढे १९५४ पर्यंत पथकर घेतला गेला. म्हणजे या खांबांची किंमत प्रथम मजुरांनी, मग करदात्यांनी आणि पुन्हा प्रवाशांनी मोजली. अशा पुलावर सामान्य माणसाला विनामूल्य पाय मोकळे करता येत असतील, तर त्याला खैरात म्हणणे हा अर्थशास्त्राचा विपर्यास होय.

खारा वारा पोलाद खातच राहणार आणि दुरुस्तीचा खर्च पुन्हा उद्भवणार. त्या वेळी पुलाच्या तोंडाशी तिकीटखिडकी बसवण्याची सूचना कोणीतरी करीलच. तिला ठाम नकार द्यावयाचा, तर नागरिकांनी ही जुनी वही हाताशी ठेवली पाहिजे.