यंत्राची बखर आणि यंत्राची अस्सल पत्रे

‘संहिता’ हा शब्द आपल्या समीक्षेत गेल्या काही दशकांत फारच ऐसपैस झाला आहे. चित्रपट, जाहिरात, शहर, पोशाख अशा सर्वांना आपण संहिता म्हणू लागलो आणि त्यांचे ‘वाचन’ही करू लागलो. मात्र जी वस्तू शब्दशः लिहीत असते, आणि जिचे लेखन रोज लक्षावधी माणसे न वाचताच सोडून देतात, ती मोटारगाडी या व्याप्तीबाहेरच राहिली. हायब्रिड गाडीच्या इंजिनाची माहिती फोनवरील अ‍ॅपमध्ये उतरवून घेणे हा वरवर पाहता गॅरेजचा विषय आहे. आमच्या मते तो साधनचिकित्सेचा विषय आहे; आणि साधनचिकित्सा ही तर वाङ्मयाच्या अभ्यासकाची घरची विद्या.

प्रथम हायब्रिडच का, हे पाहू. साध्या गाडीचे इंजिन चालकाला कानाने वाचता येते. आवाज चढला, घरघर आली, ठोका चुकला की जुना चालक गाडी बाजूला घेतो. हे श्रुतिज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जात आले. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस विक्रीस आली आणि या परंपरेत खंड पडला. पेट्रोलचे इंजिन आणि दोन विद्युत मोटर-जनित्रे यांना एका ग्रहमालिकेसारख्या दंतचक्रांनी जोडलेले. त्यातले केव्हा कोण ओढणार, हे संगणक ठरवणार. सिग्नलला इंजिन गप्प होते, चढावर अचानक जागे होते. वेग स्थिर असताना फेरे वाढतात आणि वेग वाढत असताना उतरतात. कानाला जो संदर्भ हवा असतो तोच नाहीसा होतो. चालकापुढे उरतो एकच निवेदक : डॅशबोर्ड.

हा निवेदक कितपत विश्वसनीय आहे? दुसऱ्या पिढीच्या प्रियसचे (२००३ ते २००९) उदाहरण घेऊ. तिच्या पडद्यावर बॅटरीचे चित्र दिसते आणि त्यात आठ पट्ट्या. आठही भरल्या की बॅटरी पूर्ण भरली, असे कोणीही समजेल. प्रत्यक्षात संगणक ती बॅटरी पूर्ण भरूही देत नाही आणि रिकामीही होऊ देत नाही. आयुष्य वाढावे म्हणून तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. म्हणजे पडद्यावरचे ‘पूर्ण’ हे पूर्ण नव्हे आणि ‘रिकामे’ही रिकामे नव्हे. इंजिनाच्या तापमानाला तर काटाच नाही; प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले की दिवा लागतो. याला आम्ही असत्य म्हणणार नाही. ही बखर आहे. धन्याला त्रास होऊ नये, त्याला उमगेल तेवढेच आणि रुचेल अशा रीतीने सांगावे, हा बखरकाराचा धर्म डॅशबोर्ड निष्ठेने पाळतो.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता : बखरीवर विसंबू नका, अस्सल पत्रे पाहा. गाडीची अस्सल पत्रे कोठे असतात? चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, सोळा टाचण्यांचे एक समलंब चौकोनी छिद्र असते; त्याला ओबीडी-२ म्हणतात. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना ते सक्तीचे झाले. ही सक्ती मालकाच्या जिज्ञासेसाठी झाली नाही. कॅलिफोर्नियातील हवा धुराने भरली होती, आणि धूर रोखणारी यंत्रणा बिघडली तर ती गाडीनेच सांगावी, असा कायद्याचा हेतू होता. दफ्तर उघडले ते हवेच्या नावाने. वाचकाला आत शिरता आले ते त्या दारातून.

व्यवस्था लावणे अवघड नाही. त्या छिद्रात बसणारा काडेपेटीएवढा जोडक मिळतो. तो ब्ल्यूटूथने फोनशी जोडायचा. परवलीचा आकडा बहुधा १२३४ असतो. आयफोनला जुन्या पद्धतीचा ब्ल्यूटूथ जोडक चालत नाही. वाय-फायचा किंवा कमी ऊर्जेच्या ब्ल्यूटूथचा घ्यावा लागतो. प्रियसमध्ये ब्रेक न दाबता पॉवरचे बटण दोनदा दाबले की इंजिन सुरू न होताही संगणक जागे होतात. पहिली जुळणी अशा शांत अवस्थेत करावी. मग ‘टॉर्क’सारख्या अ‍ॅपमध्ये जोडक निवडायचा, गाडीची नोंद करायची (इंजिन दीड लिटरचे), आणि पडद्यावर हवे ते आकडे मांडायचे. अर्ध्या तासाचे काम. खरे काम त्यानंतर सुरू होते.

कारण जे येते ते मूळ लिपीत येते. अ‍ॅप विचारते, ‘०१ ०५’. अर्थ : शीतक द्रवाचे तापमान सांग. गाडी उत्तर देते, ‘४१ ०५ ७बी’. सोळाच्या पटीतला ‘७बी’ म्हणजे आपला १२३. त्यातून ४० वजा केले की ८३ अंश सेल्सिअस. हे ४० कशासाठी? शून्याखालचे तापमानही ऋणचिन्हाशिवाय लिहिता यावे म्हणून मोजणीचा आरंभच उणे ४० वर ठेवला आहे. म्हणजे सर्वांत ‘कच्चा’ दिसणारा आकडाही कोणीतरी ठरवलेल्या संकेतानुसार लिहिलेला असतो. संकेतावाचून अर्थ नाही, हे वर्गात सांगताना आम्हांला आजवर याहून नेटके उदाहरण सापडलेले नाही.

हे झाले सार्वजनिक भाषेचे. हायब्रिडची खरी गोष्ट बोलीत आहे. कायद्याने ठरवलेल्या शब्दसूचीत फेरे, तापमान, वेग अशा गोष्टी येतात. पण बॅटरीच्या अंतरंगाबद्दल प्रत्येक कंपनीने आपापली खासगी परिभाषा ठेवली. त्या प्रियसच्या बॅटरीत २८ घटक असतात, एकूण सुमारे २०१.६ व्होल्ट; संगणक त्यांना जोडीजोडीने, म्हणजे १४ गटांत, पाहतो. त्या १४ गटांचे दाब शेजारी शेजारी ठेवले आणि चढावर त्यांतला एखादा वारंवार इतरांहून खाली जाताना दिसला, तर बॅटरीच्या वार्धक्याची ती पहिली ओळ. पंख्याचा वेग आणि बॅटरीचे तापमान सोबत वाचले, तर मागच्या आसनालगतची हवेची जाळी धुळीने तुंबल्याचेही कळू शकते. हे सांगणारे संकेत गाडीसोबतच्या पुस्तिकेत नाहीत. ते जगभरच्या हौशी वाचकांनी प्रश्नोत्तरे ताडून उलगडले, त्यांचे कोश केले आणि ते अ‍ॅपमध्ये घालण्याजोगे करून वाटले. ‘डॉ. प्रियस’ किंवा ‘हायब्रिड असिस्टंट’ यांसारखी अ‍ॅपे अशाच ज्ञानावर उभी आहेत. मोडीची आठवण इथे अपरिहार्य आहे. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा, कागद आहेत पण वाचणारे थोडे, ही जुनीच अडचण नव्याने सर्वांना दिसली. लिपी जाणणारा नसला की दफ्तर असून नसल्यासारखे. बॅटरीची लिपी वाचणारा नसेल, तर मालकाला ‘बॅटरी बदला’ एवढेच ऐकून पैसे मोजावे लागतात.

पाठचिकित्सेचे आणखी दोन धडे या व्यवसायात आहेत. पहिला नकलांचा. बहुतेक जोडकांत ‘ईएलएम ३२७’ या चिपचे नाव सांगितले जाते. ती बनवणारी कॅनडातील कंपनी २०२२ साली बंद झाली. तिच्या चिपच्या पहिल्या आवृत्तीची नक्कल करणे सोपे होते, आणि बाजारात आज आहेत त्या बहुतांशी नकलांच्या नकला. पुष्कळ नकला स्वतःची आवृत्ती खोटी सांगतात, विचारलेले काही प्रश्न गाळतात. उत्तर आले नाही म्हणजे गाडी गप्प आहे असे नव्हे. मधला लेखनिक कच्चा असू शकतो.

दुसरा धडा खोडण्याचा. अ‍ॅपमधील एका बटणाने गाडीतील दोषांच्या नोंदी पुसता येतात. जुनी गाडी विकणारा हे बटण दाबून दिवा घालवू शकतो. परंतु खोडल्याची खूण राहते. नोंदी पुसताच गाडीच्या स्वपरीक्षणाची पाने कोरी होतात, आणि पुसल्यापासून गाडी किती अंतर चालली हेही पुष्कळ गाड्या सांगतात. दहा वर्षांच्या गाडीने ‘पुसल्यापासून बारा किलोमीटर’ असे उत्तर दिले, तर त्या कोऱ्या पानाइतके बोलके पान दुसरे नाही. म्हणून आमची विनंती अशी की, दोषाची नोंद आणि दोष घडला त्या क्षणीचे गाडीने जपलेले आकडे उतरवून घेतल्याखेरीज कोणीही ते बटण दाबू नये. साधन नष्ट करणे हा इतिहासाचा अपराध आहे, मग ते साधन इंजिनाचे का असेना.

इथवर आम्ही अस्सल पत्रांची बाजू घेतली. पण अस्सल म्हणजे सत्य नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांबाबत जे उघड केले ते या संदर्भात विसरता येणार नाही. आपली प्रयोगशाळेत परीक्षा चालली आहे हे ओळखणारी आज्ञावली त्या गाड्यांत होती. परीक्षेत धूर मर्यादेत, रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट. गाडीच्या स्वतःच्या निदानयंत्रणेने तक्रार केली नाही, कारण लेखकच कटात सामील होता. ते उघडकीस आणण्यात वाटा होता वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांचा; त्यांनी धुराड्याला मापनयंत्र जोडून गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या होत्या. कोणतीही संहिता स्वतःची साक्षीदार होऊ शकत नाही. तिला बाहेरचा पुरावा लागतो. राजवाड्यांच्या मार्गाने जाणाऱ्यालाही पत्रलेखकाचा हेतू तपासावाच लागतो. फोनवरचा आकडा बखरीपेक्षा बरा, एवढेच म्हणावे. तो वेदवाक्य नव्हे.

आता खरा वाद. हे लेखन कोणाचे? गाडी मालकाची, पण तिच्या नोंदी कोणाच्या? मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला, आणि २०२० साली तेथील मतदारांनी मोठ्या बहुमताने तो बिनतारी जाणाऱ्या माहितीलाही लावला. उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. कारण उघड आहे. गाडीची माहिती आता छिद्रातून न येता थेट कंपनीकडे हवेतून जाऊ शकते, आणि मग गुडघ्याजवळचे ते दार बंद झाले तरी कोणाच्या ध्यानातही येणार नाही. भारतातही २०२२ पासून ग्रँड विटारा, सिटी, इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या आहेत. हा प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे. सार्वजनिक वाचनाचा हक्क वापरात नसला की तो गेल्याचेही कळत नाही. हा हक्क वापरात ठेवणे, हेच आमच्या मते त्या अर्ध्या तासाच्या खटपटीचे प्रयोजन आहे.

यावर आक्षेप येईल : माणसाने आता गाडीच्या नाडीवरही बोट ठेवून बसायचे काय? आक्षेपात तथ्य आहे. चालवताना आकडे वाचणे हा तर जिवाशी खेळ आहे. नोंद फोनला करू द्यावी आणि घरी येऊन वाचावी. काम झाले की जोडक काढून ठेवावा. उघड्या परवलीचे दार रात्रभर तसेच ठेवण्यात शहाणपण नाही. आणि रोज वाचण्याचीही गरज नाही. महिन्यातून एकदा, त्याच चढावर, साधारण त्याच हवेत घेतलेली नोंद मागच्या नोंदीशेजारी ठेवावी. एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. दोन नोंदींतला फरक सांगतो, हे पाठभेदांची तुलना करणाऱ्याला वेगळे समजावण्याची आवश्यकता नाही.

वाङ्मयाच्या अध्यापकांना आमचे सुचवणे एवढेच आहे की, साधनचिकित्सेच्या तासाला एकदा अशी नोंद फळ्यावर लिहून पाहावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणत्या संकेताने लिहिले, मधला लेखनिक कोण, आणि काय खोडले आहे? उत्तरे देताना त्यांना इंजिन कळेल की नाही, सांगता येत नाही. पण हेच पाच प्रश्न ते पुढे शासकीय अहवालाला आणि वर्तमानपत्रातील आकडेवारीलाही विचारू लागतील, अशी आमची अपेक्षा आहे.