दीड तासामागची सत्तेचाळीस वर्षं

उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातलं लाँगयिअरब्येन. दोन विमानतळांमधलं अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर, जेट विमानाला दीड तासाहून थोडा अधिक वेळ. वेळापत्रकात एवढंच लिहिलेलं असतं.

१८ जून १९२८ च्या दुपारी ध्रुवप्रवासी रोआल्ड आमुन्सेन ट्रोम्सोहून या दोहोंमधल्या समुद्रावर झेपावले. उंबेर्तो नोबिले यांचं ‘इटालिया’ हे हवाई जहाज स्वालबार्डच्या उत्तरेला बर्फावर कोसळलं होतं. दोघांत जुनं वितुष्ट होतं, तरी आमुन्सेन त्यांच्या शोधात निघाले. ‘लॅथम ४७’ या सागरी विमानात सहा जण होते. तीन तासांच्या आत रेडिओ मुका झाला. ऑगस्टअखेरीस विमानाचा एक तरंडा सापडला. माणसं कधीच सापडली नाहीत.

त्या दिवसापासून लाँगयिअरब्येनला पक्की धावपट्टी मिळेपर्यंत सत्तेचाळीस वर्षं गेली. एवढी का लागली? इंजिन दुबळं होतं म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेच्या हवाई दलाची कॅटलिना विमानं हिवाळ्यातही तिथवर जात, पण टपालाच्या पिशव्या वरून टाकून परत फिरत. उतरायला जागाच नव्हती. फ्योर्ड गोठला की कोळसा खाणीचं हे गाव वसंत ऋतूपर्यंत जगापासून तुटलेलं असे. फेब्रुवारी १९५९ मध्ये खाण कंपनीतला एक कर्मचारी गंभीर आजारी पडला, तेव्हा आद्वेंतदालेनच्या गोठलेल्या दरीत बर्फ सारून पट्टी केली गेली आणि तिच्यावर कॅटलिना पहिल्यांदा टेकली. या मार्गाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण मी त्यालाच मानतो. आकाश कधीच पार झालं होतं. अडलं होतं ते जमिनीशी.

जमिनीचा प्रश्न राजकीयही होता. १९२० च्या स्वालबार्ड कराराने या बेटांचा युद्धासाठी वापर निषिद्ध ठरवला आहे. तिथल्याच बारेन्ट्सबुर्ग आणि पिरामिदेन इथे सोव्हिएत खाणी होत्या, आणि नव्या धावपट्टीवर उद्या लढाऊ विमानं उतरतील ही मॉस्कोची शंका होती. विमानतळ निव्वळ नागरी राहील, यावर समजूत झाली. २ सप्टेंबर १९७५ रोजी राजे पाचवे ओलाव यांनी त्याचं उद्घाटन केलं.

तरी शेवटचे काही किलोमीटर अवघडच राहिले. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून रशियन आणि युक्रेनियन खाणकामगारांना व त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन येणारं टुपोलेव्ह विमान उतरण्याच्या तयारीत असताना ओपेराफ्येलेत डोंगरावर आदळलं. विमानतळ अवघा चौदा किलोमीटरवर होता. १४१ जण गेले.

गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही याच धावपट्टीवर उतरतात. तिथून छोट्या विमानाने ते न्यू-ओलेसुंडला, २००८ पासून चालू असलेल्या ‘हिमाद्री’ केंद्रात जातात, कोंग्सफ्योर्डचं पाणी आणि भोवतालच्या हिमनद्या तपासायला. पण जमिनीशी अडणं अजून संपलेलं नाही. लाँगयिअरब्येनची धावपट्टी बारमाही गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. ती जमीन आता उन्हाळ्यात अधिक खोलवर वितळते, पट्टी खचते आणि पुन्हा पुन्हा समतल करावी लागते.