जेना ऑर्टेगाने डायलॉग बदलले आणि लेखक भडकले: मालिकेतलं पात्र नक्की कुणाचं असतं?

2022 च्या डिसेंबरमध्ये तुमच्या इन्स्टावर एक डान्स नक्की आला असणार. काळा ड्रेस, दोन वेण्या, पापणी न लवणारे डोळे आणि कुठल्याच नियमात न बसणाऱ्या स्टेप्स. नेटफ्लिक्सच्या 'वेन्सडे' मालिकेतला हा सीन. लग्नाच्या संगीतापासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे त्याच्या नकला झाल्या.

आता गंमत बघा. या डान्सच्या स्टेप्स कुठल्याही कोरिओग्राफरने बसवल्या नव्हत्या. वेन्सडेची भूमिका करणाऱ्या जेना ऑर्टेगाने 80 च्या दशकातल्या गॉथ क्लबमधल्या नाचाचे व्हिडिओ बघून त्या स्वतःच बसवल्या. शूटिंगला सुरुवात झाली तेव्हा ती 18 वर्षांची होती.

म्हणजे मालिकेचा सगळ्यात गाजलेला सीन कलाकाराच्या डोक्यातून आला. इथपर्यंत सगळे खूश होते. भांडण लागलं ते डायलॉगवरून.

तर झालं असं की...

मार्च 2023 मध्ये ऑर्टेगा 'आर्मचेअर एक्स्पर्ट' या पॉडकास्टवर गेली होती. तिथे तिने सांगितलं की वेन्सडेच्या तोंडी दिलेलं बरंच काही तिला पटत नव्हतं. शाळेतल्या डान्ससाठी ड्रेस बघून वेन्सडे हरखून जाते, असा एक डायलॉग होता. ही मुलगी असं बोलूच शकत नाही, असं ऑर्टेगाचं म्हणणं होतं. दोन मुलांच्या मध्ये अडकलेला वेन्सडेचा प्रेमाचा त्रिकोणही तिला अजिबात पटला नव्हता.

मग तिने काय केलं? सेटवर परस्पर ओळी बदलायला सुरुवात केली. स्क्रिप्ट सुपरवायझरला वाटायचं, लेखकांशी बोलणं झालं असेल. तसं काही झालेलं नसायचं. नंतर लेखकांसमोर बसून तिला खुलासा करावा लागायचा. आपलं वागणं जवळजवळ अनप्रोफेशनल म्हणावं असं होतं, हेही तिने स्वतःच कबूल केलं.

चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. लेखक मात्र भडकले. 'डेअरडेव्हिल' मालिकेचे शोरनर राहिलेल्या स्टीव्हन डीनाइट यांनी ट्विटरवर तिला जाहीर सुनावलं. तुम्ही शो चालवताय आणि तुमचा कलाकार मुलाखतीत तुमच्या लेखनाची अशी लक्तरं काढतोय, तर तुम्हाला कसं वाटेल, असा त्यांचा एकंदर सूर होता.

आणि टायमिंग तर विचारूच नका. दोनच महिन्यांत, 2 मे 2023 ला हॉलिवूडचे सुमारे साडेअकरा हजार लेखक संपावर गेले. हा संप 148 दिवस चालला. एका लेखिकेच्या हातातल्या फलकाचा फोटो तेव्हा व्हायरल झाला होता. लेखकच नसतील तर जेना ऑर्टेगा दुरुस्त्या करणार तरी कशात, असा त्याचा मथितार्थ.

हा राग फक्त इगोचा नव्हता. लेखकांच्या टीम लहान केल्या जात होत्या, थोड्या आठवड्यांत सगळे एपिसोड लिहून घेऊन त्यांना घरी पाठवलं जात होतं. त्यामुळे शूटिंग चालू असताना सेटवर लेखक असेलच याची खात्री उरली नव्हती. एखादी ओळ कलाकाराला खटकली, तर ती तिथेच बसून नीट करायला माणूस नको का? कमीत कमी किती लेखक घ्यायचेच, ही संपातली एक मोठी मागणी होती. परस्पर बदललेल्या ओळींचा किस्सा याच काळात कौतुकाने सांगितला जाणं म्हणजे जखमेवर मीठ.

2024 मध्ये ऑर्टेगाने एका मुलाखतीत मान्य केलं की तेव्हा शब्द नीट वापरायला हवे होते. मुद्दा मात्र तिने सोडला नाही.

हे भांडण आजचं नाही

1966. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचं शूटिंग. स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं की स्पॉक मागून येतो आणि शत्रूच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता हाणतो. स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय अडले. स्पॉक म्हणजे भावनांवर ताबा असलेला, तर्काने चालणारा परग्रहवासी. तो गुंडासारखा डोक्यात दस्ता कशाला घालेल? त्यांनी पर्याय सुचवला: मान आणि खांद्याच्या मध्ये बोटांनी दाब द्यायचा, समोरचा बेशुद्ध. विल्यम शॅटनर यांनी ती पडण्याची ॲक्टिंग इतकी झकास केली की दिग्दर्शकाला लगेच पटलं. ती चिमटी पुढे स्पॉकची ओळखच झाली.

दुसऱ्या वर्षी स्पॉकच्या ग्रहावरचा एपिसोड आला. तिथली माणसं एकमेकांना भेटताना काही तरी खूण करत असतील, असं निमॉय यांना वाटलं. लहानपणी बोस्टनच्या सिनेगॉगमध्ये ज्यू पुरोहित आशीर्वाद देताना बोटं विशिष्ट प्रकारे फाकवायचे. त्या वेळी बघायचं नसतं, पण छोट्या निमॉयने चोरून बघितलं होतं. तीच खूण त्यांनी स्पॉकला दिली. आपल्या मोबाइलमध्ये आज जी इमोजी आहे ना, मधल्या दोन बोटांत फट असलेला हात, ती हीच. (करून बघा, सगळ्यांना जमत नाही. त्या एपिसोडमधल्या ज्येष्ठ अभिनेत्रीलाही जमत नव्हती.)

पण त्या हातासोबत जो दीर्घायुष्याचा आणि भरभराटीचा आशीर्वाद येतो, ते शब्द निमॉय यांचे नाहीत. ते त्या एपिसोडचे लेखक थिओडोर स्टर्जन यांचे. हात कलाकाराचा, वाक्य लेखकाचं. ऑर्टेगावरच्या वादात दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे विसरलेली गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं.

तिसऱ्या सीझनमध्ये निर्माते बदलले, दर्जा घसरला आणि निमॉय यांची पत्रं सुरू झाली. एका एपिसोडमध्ये स्पॉकसमोर दोन कॅप्टन कर्क उभे राहतात आणि खरा कोण हे त्याला ओळखता येत नाही. इतक्या हुशार माणसाला मठ्ठ का दाखवताय, असं त्यांनी वरिष्ठांना लेखी विचारलं. त्याच सीझनमध्ये मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी एक सीन घुसवला, ज्यात स्पॉक एका पदकाचं महत्त्व समजावून सांगतो. कारण? तसंच पदक रॉडनबेरी यांची कंपनी पोस्टाने विकणार होती. शॅटनर आणि निमॉय दोघांनीही विरोध केला. कापाकापी होऊन तो सीन शेवटी गेलाच. नायिका मध्येच मसाल्याचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरते, तो प्रकार आपल्या डेली सोपनी शोधून काढला असं कुणी म्हणालं, तर हे उदाहरण तोंडावर फेका.

कलाकाराच्या बाजूने एक साधा युक्तिवाद आहे. लेखक बदलतात, दिग्दर्शक दर एपिसोडला बदलतो, पण पात्राच्या कातडीत वर्षानुवर्षं एकच माणूस राहतो. तिसऱ्या वर्षी आलेल्या लेखकापेक्षा त्या पात्राची नस त्याला जास्त माहीत असू शकते.

तक्रार तीच, पण बिरूद वेगळं

2007 मध्ये 'ग्रेज ॲनाटॉमी'मधल्या भूमिकेसाठी कॅथरीन हायगलला एमी पुरस्कार मिळाला. 2008 मध्ये तिने नामांकनासाठी नावच दिलं नाही. या वर्षी नामांकन मिळावं अशा दर्जाचं काम आपल्याला मिळालं नाही, असं तिने जाहीर निवेदनात म्हटलं. म्हणजे लेखकांना चारचौघांत नापास केलं. त्यानंतर 'डिफिकल्ट' हे विशेषण तिला चिकटलं ते चिकटलंच. 2010 मध्ये ती मालिकेतून बाहेर पडली. मालिकेच्या कर्त्या शोंडा राइम्स यांची आपण माफी मागितली होती, असं तिने नंतर सांगितलं.

आता हेन्री कॅव्हिल बघा. 'द विचर'चा नायक गेराल्ट मूळ पुस्तकांच्या जवळ राहावा म्हणून आपण आग्रह धरतो, हे त्याने मुलाखतींत उघडपणे सांगितलं. ऑक्टोबर 2022 मध्ये तो मालिका सोडतोय असं जाहीर झालं. का, हे त्याने स्पष्टपणे सांगितलं नाही. तरीही चाहत्यांनी निष्कर्ष काढून टाकला: लेखकांनी पुस्तकं बिघडवली, म्हणून बिचारा गेला. कॅव्हिलला ठेवा आणि लेखक बदला, अशी ऑनलाइन याचिका निघाली आणि तिच्यावर लाखोंनी सह्या पडल्या.

तो पुस्तकनिष्ठ, ती डोक्यात हवा गेलेली. तिघांची परिस्थिती तंतोतंत सारखी नव्हती हे खरं. ऑर्टेगाने ओळी परस्पर बदलल्या, हायगलने जाहीर पत्रक काढलं. तरी कौतुक कुणाच्या वाट्याला आलं आणि शिव्या कुणाच्या, हे बघून भुवया उंचावतातच.

आणि गोकुळधाममध्ये?

आपल्याकडे हे भांडण बहुतेक वेळा बाहेर येत नाही. डेली सोपच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांना अनेकदा वेगवेगळी नावं असतात. वर चॅनल. त्याच्याही वर दर गुरुवारी येणारा टीआरपी. आकडा पडला की ट्रॅक बदलतो, काल साधीभोळी असलेली जाऊ आज विष कालवते. घोडबंदर रोडवरच्या किंवा फिल्मसिटीतल्या सेटवर सीन ऐन वेळी हातात पडतो, तेव्हा वाद घालायला वेळ कुणाला असतो? जास्तच ताणलं तर लीप येतो, अपघात येतो, नाही तर 'आता ही भूमिका अमुक साकारतील' अशी पट्टी येते. ट्रोल मात्र कलाकार होतो, कारण चेहरा त्याचाच दिसतो. संवादलेखकाचं नाव आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? मास कॉम केलेल्या मलाही चार-पाचच येतात.

म्हणून दिलीप जोशी यांचं बोलणं वेगळं वाटलं. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' 28 जुलै 2008 ला सुरू झाली आणि चार हजारांहून जास्त एपिसोड झाले तरी चालूच आहे. काही वर्षांपूर्वी कॉमेडियन सौरभ पंतच्या पॉडकास्टवर जेठालाल म्हणजे जोशी यांनी मान्य केलं की संख्या वाढली की दर्जाला कुठे तरी फटका बसतो. रोज नवा विषय शोधायचा म्हणजे लेखकांसाठी तो कारखानाच झालाय आणि काही एपिसोड तितके जमत नाहीत. अडचण त्यांनी सांगितली, पण लेखकांवर खापर फोडलं नाही. चालू मालिकेचा मुख्य कलाकार इतकं बोलतो, हेही आपल्याकडे कमी नाही.

त्याच गप्पांत त्यांनी आणखी एक किस्सा सांगितला. दयाला उद्देशून जेठालाल 'ऐ पागल औरत' म्हणायचा ना? ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं. सेटवर सहज तोंडातून निघालं, लोक हसले आणि मीम्स झाले. मग बायकोला असं बोलणं बरोबर नाही म्हणून आक्षेप आला आणि पुन्हा हे वापरायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. कलाकाराने घातलेली ओळ गाजली आणि शेवटी कात्रीही तिलाच लागली. (कात्री योग्यच होती, माझं मत.)

मग जिंकतं कोण? ज्याच्याशिवाय शो अडतो तो. 'वेन्सडे'चा दुसरा सीझन ऑगस्ट 2025 मध्ये आला, तेव्हा निर्मात्यांच्या यादीत ऑर्टेगाचंही नाव होतं. वेन्सडेच्या लव्ह स्टोरीला यात जागा नसेल, हे तिने आधीच सांगितलं होतं. शो मात्र आल्फ्रेड गॉ आणि माइल्स मिलर याच जोडीच्या हातात राहिला. आता तिला ओळ खटकली तर सेटवर गुपचूप बदलायची गरज नाही, स्क्रिप्ट आधीच तिच्या समोर येते.

गोकुळधाममध्ये अशी खुर्ची कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. पण दिशा वाकाणी यांनी दयाला दिलेला तो नाकातला, ताणलेला आवाज आठवतोय? त्यांचा खरा आवाज तसा नाही. त्या 2017 मध्ये प्रसूती रजेवर गेल्या. त्यानंतर मालिकेत तारक मेहता बदलले, अंजली बदलली, सोढी बदलला, टप्पूही बदलला. दयाची जागा मात्र इतकी वर्षं रिकामीच राहिली.