गॅसच्या लाइनीला हात लावणाऱ्याला परवाना द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ, नवी दिल्ली

विषय : घरातील गॅसवाहिनीची दुरुस्ती आणि स्थलांतर यांसाठी सोपी, कायदेशीर व्यवस्था करण्याबाबत



मी एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते आपल्याबरोबरच माझ्यासारख्या शेकडो सचिवांनी आणि आमच्या घरांत काम करणाऱ्या प्लंबरांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे. देशात एक कोटीहून जास्त घरांत आज पाइपने गॅस येतो. तो घरापर्यंत सुरक्षित कसा आणायचा, याची तांत्रिक मानके आपल्या मंडळाने 2008 मध्येच घालून दिली. प्रश्न त्यानंतरचा आहे. एकदा बसवलेली लाइन दहा-पंधरा वर्षांनी हलवायची, वाढवायची किंवा दुरुस्त करायची झाली, तर सामान्य माणसाने कोणाकडे जायचे?

कागदावर उत्तर सरळ आहे. ग्राहकाने लाइनीला हात लावायचा नाही, गॅस कंपनीला कळवायचे आणि कंपनीचा अधिकृत माणूस येऊन काम करून जाईल. प्रत्यक्षात काय होते, ते मी आमच्या इमारतीत पाहत आले आहे. घरात फर्निचरचे काम निघते. ओटा सरकतो, ट्रॉल्या बसतात आणि मीटर नेमका कपाटाच्या मध्ये येतो. कंपनीकडे अर्ज जातो. माणूस कधी येईल ते कोणी सांगत नाही, खर्च किती येईल तेही तोंडीच कळते. इकडे सुतार, गवंडी, टाइल्सवाले रोजंदारीवर बसून असतात. मग फर्निचरवालाच म्हणतो, "ताई, कशाला थांबता? आपला प्लंबर अर्ध्या तासात सरकवून देईल." आणि पाइप सरकतो. त्याची नोंद कुठेही होत नाही.

हे लोक बेफिकीर आहेत म्हणून होते, असे मला वाटत नाही. कायद्याच्या रस्त्यावर ना वेळेची हमी आहे, ना दराची. बेकायदा रस्त्यावर दोन्ही मिळतात. हा उलटा हिशेब सरळ करणे आपल्या हातात आहे.

त्या अर्ध्या तासाच्या कामात धोका कुठे असतो, हे नेमके सांगायला हवे. आमचा प्लंबर पाण्याच्या कामात तरबेज असतो. पाण्याचा जोड गळला तर थेंब दिसतो, भिंत ओली होते. गॅसचा जोड गळतो तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही. जुन्या हाताचे कारागीर आट्यांवर सुतळी आणि सफेदा लावतात. पाण्याच्या लाइनीत सुतळी भिजून फुगते आणि जोड घट्ट धरते. नैसर्गिक वायू कोरडा असतो. त्याच्या लाइनीत तीच सुतळी कालांतराने सुकून आकसते, आणि काम झाले त्या दिवशी घट्ट असलेला जोड पुढे कधीतरी सैल पडतो. तपासणीचेही तसेच. साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहणे आवश्यक आहे, पण त्यात फेस लावलेल्या जागेपुरतीच गळती कळते. लाइन दोन्हीकडून बंद करून, दाब मोजणारे उपकरण जोडून, ठरावीक वेळ दाब टिकतो का हे पाहिले तरच आख्ख्या लाइनीची खात्री होते. हे उपकरण पाण्याच्या प्लंबरच्या पिशवीत नसते. काही जण तर आजही काडी पेटवून बघतात.

"घरातल्या लाइनीत दाब असतो कितीसा?" असे मला अनेकदा ऐकवले जाते. खरे आहे, तो 21 मिलिबार असतो, म्हणजे सुमारे एकवीस सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. पण धोका दाबापेक्षा साठण्यात आहे. हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान पोहोचले की ठिणगी पुरते. आठ बाय दहा फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या स्वयंपाकघरात साधारण वीस घनमीटर हवा मावते. म्हणजे त्यात एक घनमीटर गॅस कोंडला की धोक्याची हद्द सुरू होते. शिवाय हा वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो आणि तिथे ही हद्द आधीच गाठतो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. आमच्या पिढीचे हात सिलिंडरच्या सवयीने शिकलेले. लाइनीच्या गॅसला वरचा झरोका लागतो, हे आम्हाला कोणी नीट सांगितले नाही. त्यात आता नव्या सजावटीत ड्राय बाल्कनी काचेने बंद होते, झरोक्यावर कपाट चढते आणि छताखाली पीओपीचे खोटे छत येते. हलका वायू कोंडायला याहून सोयीची जागा नाही.

नाकावर भिस्त ठेवावी, तर नाक घरात असायला हवे. मूळ नैसर्गिक वायूला वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. आणि त्या वासाचा इतिहास आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातील न्यू लंडन गावच्या शाळेत स्फोट होऊन सुमारे तीनशे जण गेले. बहुतेक सगळी मुलेच. शाळेने खर्च वाचवण्यासाठी अधिकृत पुरवठा बंद करून जवळच्या तेलक्षेत्रातल्या टाकाऊ वायूच्या वाहिनीला परस्पर जोड मारून घेतला होता. बिनवासाचा वायू तळघराच्या पोकळीत साठत गेला आणि कोणाला कळलेही नाही. त्यानंतर टेक्सासने दोन गोष्टी केल्या : वायूत वास मिसळणे सक्तीचे केले आणि अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा केला. पहिली गोष्ट जगाने घेतली. दुसरीमागचा विचार, म्हणजे काम करणाऱ्याचे नाव नोंदलेले हवे, हा आपण घरगुती गॅसपुरता अजून घेतलेला नाही.

लंडनमधील रोनान पॉइंट ही 22 मजली इमारत 16 मे 1968 रोजी कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत कोसळली आणि चार माणसे दगावली. इमारतीची रचना कच्ची होती, हे चौकशीत निघालेच. पण स्फोटाचे मूळ होते शेगडीच्या जोडणीतले एक निकृष्ट पितळी नट. आज ब्रिटनमध्ये घरातल्या गॅसचे काम नोंदणी झालेल्या कारागिराखेरीज कोणी धंदा म्हणून केले तर तो गुन्हा आहे. 2009 पासून तिथे 'गॅस सेफ रजिस्टर' आहे. प्रत्येक कारागिराकडे छायाचित्रासह ओळखपत्र असते आणि त्याला कोणकोणती कामे करण्याची मुभा आहे, हे त्यावर लिहिलेले असते. दार उघडणारी गृहिणीसुद्धा ते वाचून ठरवू शकते.

परदेशाचे कशाला, विजेच्या बाबतीत आपण हेच कितीतरी वर्षे करतो आहोत. 1956 च्या वीज नियमांपासून घरातले वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे, असा दंडक आहे. वायरमनला त्याच्या नावाचा परवाना मिळतो. नवे मीटर घेताना ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. या व्यवस्थेतही पळवाटा आहेत, पण निदान प्रामाणिक माणसाला कायद्याने वागायचे असेल तर कोणाचे दार ठोठावायचे, हे ठाऊक असते. गॅसच्या बाबतीत ते एकच दार आहे, आणि ते कधी उघडेल याचा भरवसा नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

पहिली, घरगुती गॅसवाहिनीच्या कामासाठी व्यक्तीच्या नावाचा परवाना सुरू करा. आयटीआयमधून प्लंबर होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना थोडे पुढचे प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन तो मिळावा. आज जे प्लंबर हे काम लपूनछपून करतात, त्यांच्यातल्या हुशार माणसांना हाकलू नका, शिकवा. त्यांच्या हातातली कला खरी आहे, तिला उपकरणाची आणि नियमाची जोड हवी आहे.

दुसरी, दर आणि मुदत जाहीर करा. मीटर हलवणे, पाइप वाढवणे, व्हॉल्व्ह बदलणे, प्रत्येक कामाचा दर मराठीत, प्रत्येक संस्थेच्या सूचना फलकावर लागावा. गळतीला तत्काळ धावून येणे आहेच. स्थलांतराच्या अर्जावरही सात दिवसांत काम व्हावे, न झाल्यास ग्राहकाला भरपाई मिळावी.

तिसरी, प्रत्येक कामानंतर चाचणी अहवाल द्या. किती दाब, किती वेळ टिकला, कोणी तपासला. एक प्रत घरात, एक संस्थेच्या दप्तरात.

चौथी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आजवर झालेल्या अनधिकृत बदलांसाठी एक अभयकाळ जाहीर करा. हजारो कपाटांमागे असे जोड आहेत, ज्यांच्याबद्दल घरमालकाला शंका आहे, पण तो तोंड उघडत नाही. उघडले तर दंड होईल, जोडणी तुटेल, ही भीती. ही भीती आणि तो जोड, दोन्ही एकाच घरात राहतात. "ठरावीक महिन्यांत सांगा, आम्ही दंड न करता तपासू, चुकीचे असेल ते वाजवी दरात बदलून देऊ," एवढे जाहीर केले तर लोक पुढे येतील, याची मला खात्री आहे. आणि शिक्षेच्या धाकाने जे कधीच उघड होणार नाही, ते उघड होईल.

आम्हा संस्थांचीही जबाबदारी आहे आणि ती टाळायची नाही. फर्निचरच्या कामाला परवानगी देताना आम्ही भिंत पाडणार का, पाण्याची लाइन बदलणार का, असे विचारतो. गॅसची लाइन हलणार का, हा प्रश्न बहुतेक अर्जांत नसतोच. तो घालायला आम्हाला कोणाच्या आदेशाची गरज नाही. वास आला तर शेगडीचा आणि मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही आणि बाहेर येऊनच फोन करायचा, हे प्रत्येक घराला आणि घरकामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगणे हेही आमचेच काम. सिलिंडरसाठी 1906 हा क्रमांक आहे. लाइनच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक कंपनीगणिक वेगळा, तो मीटरजवळ मोठ्या अक्षरांत लावणे आमच्या हातात आहे. पण परवाना, दर आणि अभय देणे आमच्या हातात नाही. ते आपल्या अधिकारात येते.

नवे नियम करताना आपले मंडळ मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना मागवते. या विषयाचाही मसुदा काढा, आणि तो मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत काढा. आमच्याकडे सूचना भरपूर आहेत आणि त्या प्रत्यक्ष स्वयंपाकघरांतून आलेल्या आहेत. मसुदा येताच आमच्या संस्थेची सभा बोलावून आम्ही त्या लेखी पाठवू, आणि शेजारच्या संस्थांनाही पाठवायला लावू.

कळावे,

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव