बोडी बुजवू नका

रोवणी झाली की पावसानं पंधरा दिवस दडी मारायची आणि मग एका रात्रीत धुरे फोडून टाकायचे, हे आता नवीन राहिलं नाही. त्यावर बरेच जण म्हणतात, हवामान बदललं, जुन्या पद्धती काय कामाच्या? मला उलट वाटतं. लहरी पाऊस धरूनच आपल्याकडची धानशेती बसवलेली होती.

आमचा चोरखमाऱ्याचा तलाव इंग्रजांच्या काळातला. पण गोंदिया-भंडाऱ्यात तलाव बांधायची विद्या त्याहून जुनी. कोहळी लोकांनी जमिनीचा उतार बघून पाळी घातल्या. नवेगावबांध त्यातलाच. तलावाच्या जोडीला शेतोशेती बोडी. वरच्या बांधीत 110-120 दिवसांचा हलका धान, खोलगट बांधीत 140 दिवसांच्या वरचा भारी धान. पाऊस लवकर गेला तरी हलका पदरात पडायचा. कापणीआधी ओलीत लाखोरी फेकली की नांगरट न करता दुसरं पीक.

मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि गाळ-पाळीची जबाबदारी गावाच्या अंगावरून उतरली. बोड्या तर आपणच बुजवल्या, चार बांध्या वाढाव्या म्हणून.

"बोडीत जमीन वाया जाते" म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. एक एकर बांधीत 5 सेंमी पाणी भरायला साधारण 2 लाख लिटर लागतं. 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 2 मीटर खोल खड्ड्यात तेवढं मावतं. म्हणजे 1 गुंठा. काठाचा उतार, झिरपणं, ऊन धरून 2 गुंठे समजा. 40 गुंठ्यांतले 2 देऊन धान निसवताना एक पाणी हाती राहत असेल, तर हा सौदा महाग कसा?

गाळ काढतानाही डोळे उघडे ठेवा. जेसीबी लावून तळं नुसतं खरवडलं म्हणजे तलाव सुधारला असं नाही. अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर बांधवांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासे परत आले. तलावाची पारख त्यांना आहे. गाळाचं ठरवताना त्यांना आधी विचारा.

नवं वाण घ्या, हवामानाचा अंदाजही बघा. पण पाणी अडवलेलं नसेल तर दोन्हीचा उपयोग अर्धाच.

येत्या ग्रामसभेत एकच विषय मांडा : गावात बोड्या किती होत्या, आज किती उरल्या? तुमच्या गावचा आकडा खाली लिहा.