निवाडा आणि आसरा

साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आपल्याला आठवतात ते त्यांच्या धैर्यासाठी. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तलवारी गारद्यांच्या होत्या, पण शास्त्रीबुवांनी दोष गादीवर बसलेल्या त्यांच्या काकांवर, राघोबादादांवर ठेवला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण फारसा सांगत नाही. राघोबादादांना शिक्षा झालीच नाही. त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाई कारभाऱ्यांनी पिच्छा पुरवताच ते इंग्रजांकडे गेले, 1775 मध्ये सुरतेचा तह झाला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांना चक्क नेमणूक बांधून मिळाली. निवाडा चोख होता. आरोपीला हद्दीपलीकडे आसरा होता, एवढेच.

कैरोत 1937 साली जन्मलेले आणि शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात शिकवणारे कायदेपंडित शरीफ बासियुनी (निधन 2017) यांनी आयुष्य वेचले ते हा आसरा मोडण्यासाठी. गुन्हेगार हवाली करा, नाहीतर स्वतः खटला चालवा, हे तत्त्व त्यांनी ग्रंथांतून मांडले. युगोस्लाव्हियातील अत्याचारांचे पुरावे गोळा केले. 1998 मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कराराचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या करारात राष्ट्रप्रमुखाचे पद ही ढाल राहिली नाही. धर्मशास्त्राचा निवाडा आणि राष्ट्रांचा करार एका माळेत ओवणे हा कालविपर्यास आहे, असे कुणी म्हणेल. आधार वेगळे आहेतच. पळवाट मात्र तीच आहे.

पदरी पोलीस नसलेले न्यायालय काय कामाचे, हा आक्षेप अधिक वजनदार. या न्यायालयाचे अटकेचे वॉरंट असलेले रशियाचे पुतिन 2024 मध्ये सदस्य देश मंगोलियात जाऊन सुखरूप परतले. पण 2025 च्या मार्चमध्ये फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मनिलात पकडले जाऊन हेगला या न्यायालयापुढे पोहोचले, हेही घडले. आपल्याकडेही सातारा-सांगलीच्या गावांत 1943 नंतर ब्रिटिश सत्तेला झुगारून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे चालली, तेव्हाही सरकारी पोलीस विरुद्ध बाजूलाच होते. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचा धाक होता, आणि तळपायांना पत्री मारण्याच्या शिक्षेचे समर्थन आज कुणी करू नये. तरी गावांनी मानले म्हणूनच ते निवाडे टिकले.

रोमला भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेच्या हाती खटले सोपवण्याचे आणि थांबवण्याचे अधिकार नकोत, हा आपला आक्षेप रास्त होता आणि आहे. पण तो करार बदलण्याचा अधिकार सदस्य देशांच्या सभेला आहे, आणि सदस्य नसलेल्या भारताला तिथे मत नाही.